गैरहजर पदाचा सहगुणक

आमच्या घरात मोठे आवाज दोनच होते. एक विहिरीवरच्या मोटरीचा आणि दुसरा कमलचा. वीज आली की मोटर सुरू होई आणि शाळा सुटली की कमल. दोन्ही एकदम चालू असली म्हणजे आई मला हातवारे करूनच पाणी मागत असे. मला त्याचे काही वाटत नसे, कारण माझे बोलणे एरवीही कोणाला फारसे ऐकू जात नसे. पन्नाशी उलटल्यावर, शाळेच्या अहवालापलीकडचे काही प्रथमच लिहायला बसले असताना, पहिल्याच ओळींत कमल यावी हे मला फारसे रुचलेले नाही. पण तिची रीतच तशी होती. कुठेही गेली तरी ती आधी दिसे आणि मग बाकीचे.

कमल माझी आतेबहीण. तिचे आईवडील मेंढरे राखीत. दिवाळी झाली की कळप घेऊन ते कोकणाकडे उतरत आणि पावसाळ्याच्या तोंडाला परत येत. आमच्या घरची मेंढरे माझ्या जन्मापूर्वीच गेली होती. कालव्याचे पाणी आमच्या कळस गावच्या शिवारात पोचले, ऊस आला, आणि तात्यांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, खांद्यावरची काठी ठेवून हातात खोरे घेतले. फिरतीत पोरीच्या शाळेचे हाल होतात म्हणून आत्याने कमलला आठवीपासून आमच्याकडे ठेवले. ती आली ती एक पत्र्याची पेटी, एक घोंगडी आणि तो आवाज घेऊन. माळावर पांगलेले मेंढरू नुसत्या हाकेने वळवायचे तर आवाज कसा लागतो, हे ज्याने ऐकले नाही त्याला सांगून कळणार नाही. ती परसात उभी राहून 'इंदेऽ' म्हणून मला हाक मारी तेव्हा पलीकडच्या वस्तीवरची कुत्री उठून बसत.

संध्याकाळी बहुधा हुलग्याचे माडगे असे. लसणाची फोडणी चुरचुरली की तिचा वास गोठ्यापर्यंत जाई आणि कमल धार अर्धी टाकून चुलीपाशी येई. ती ते माडगे ताटली तोंडाला लावून, फुर्र आवाज करीत पीत असे. तसा आवाज मी केला असता तर आईने डोळे वटारले असते. कमलने केला की ती हसे आणि 'आजून घे गं बाय' म्हणत पळी पुढे करी. तव्यावरची भाकरी टम्म फुगली की ती कोणाच्या ताटात पडते इकडे माझे लक्ष असे, आणि ती कमलच्याच ताटात पडे. एकदा मी नुसती मान वर करून पाहिले, तेव्हा आई म्हणाली, "तिची आई हितं न्हाय." ते कारण इतके बिनतोड होते की त्यावर रागावताही येईना. माझी आई तिथेच होती, यात माझा काय अपराध होता हे मात्र मला कोणी सांगितले नाही.

एका गोष्टीत कमल माझ्या मागे होती, आणि ती म्हणजे बीजगणित. तो विषय मी माझा समजत असे. नववीत प्रथम 'बहुपदी' हा धडा आला तेव्हा इतर मुली वैतागल्या, मला मात्र एखाद्या नीट लावलेल्या फडताळाचे दार उघडावे तसे वाटले. प्रत्येक वस्तूला जागा आणि प्रत्येक जागेला नाव. ज्याची किंमत बदलू शकते तो चल. चलाच्या डोक्यावर बसतो तो घातांक, आणि चलाला गुणण्यासाठी त्याच्या पुढे उभा राहतो तो सहगुणक. अशी पदे बेरीज-वजाबाकीने जोडली की बहुपदी तयार होते, मात्र घातांक पूर्ण संख्याच हवा, ऋण नको, अपूर्णांक नको. एकच पद असेल तर एकपदी, दोन असतील तर द्विपदी, तीन असतील तर त्रिपदी. सर्वांत मोठा घातांक ती बहुपदीची कोटी. आणि ज्याच्याजवळ चलच नाही, एक्सची किंमत काहीही धरली तरी ज्याला फरक पडत नाही, ते बिचारे स्थिरपद. ही नावे मी ऊस खुरपतानाही मनातल्या मनात म्हणत असे. माणसांच्या जगात मी कुठे उभे राहायचे हे मला कधीच नीट कळले नव्हते, पण बहुपदीत कोणी कुठे उभे राहायचे याविषयी तिळमात्र शंका नव्हती.

आम्हाला गणित शिकवायला जगदाळे सर होते. ते बारामतीहून एसटीने येत, आणि एसटी चुकली तर सायकलवरून येणाऱ्या कोणाच्या तरी मागे बसून येत, पण येत. शिक्षकदिनी आमच्या शाळेत दहावीचे विद्यार्थी शिक्षक होत. मुली साड्या नेसून येत, मुले वडिलांचे सदरे खोचून येत, कोणी मुख्याध्यापक होई, कोणी शिपाई होई, आणि खरे शिक्षक मागच्या बाकावर बसून पाहत. आम्ही दहावीत होतो त्या वर्षी सरांनी या दिवसाला आणखी एक गोष्ट जोडली. त्या वर्षीची नववी बीजगणितात कच्ची होती, आणि रविवारी सरांना येणे जमत नव्हते. म्हणून त्या दिवशी नववीला जो बहुपदीचा तास घेईल, त्याचा तास चांगला झाला तर दर रविवारी सकाळी नववीचा वर्गही त्यानेच घ्यायचा, वर्षभर. हे ऐकल्यापासून मला नीट जेवण गेले नाही. मला दुसरे काही नको होते. मला ती नववी हवी होती. फळा, खडू, बहुपदी, आणि मला 'ताई' म्हणणारी मुले.

निवड मात्र गुणांवर व्हायची नव्हती. "गणित येणारे पुष्कळ आहेत," सर म्हणाले, "मला शेवटच्या बाकापर्यंत पोचणारे पाहिजे." ते व्हरांड्याच्या एका टोकाला जाऊन उभे राहिले. इच्छुकाने दुसऱ्या टोकाला उभे राहून बहुपदीची व्याख्या म्हणायची. मी ती अशी म्हटली की एक मात्राही इकडची तिकडे झाली नाही. सरांनी कानामागे हात धरला. मी पुन्हा म्हटली. सर दोन पावले पुढे आले आणि म्हणाले, "ओठ बरोबर हलतायत गं." सगळा व्हरांडा हसला. मग कमल उभी राहिली. व्याख्येचा उत्तरार्ध तिला आठवेना, तेव्हा तिने पूर्वार्धच पुन्हा एकदा म्हटला, पण असा की आवारातल्या कडुलिंबावरचे कावळे उडाले. गणिताचा तास तिला मिळाला. मला सर जवळ बोलावून फार मायेने म्हणाले, "इंदू, तू घंटेवर. वेळेला पक्की मुलगी पाहिजे तिथं." म्हणजे मी शिपाई झाले. शाळेच्या शिपाईमामांनी आपली खाकी टोपी काढून माझ्या डोक्यावर ठेवली, ती कपाळावरून घसरून डोळ्यांपर्यंत आली. तिला खोबरेल तेलाचा वास होता.

दोन्ही गोष्टी मी सहन केल्या असत्या. पण त्याच दिवशी घरी येताना कमल म्हणाली, "इंदे, आता मला समदं समजावून सांग बग. मला त्यातलं निम्मंबी येत न्हाय." आणि मी समजावून सांगू लागले, कारण घरात दुसरे कोणी सांगणारे नव्हते आणि नाही म्हणायला लागणारा आवाजही माझ्याजवळ नव्हता. आम्ही कडबाकुट्टीच्या, म्हणजे चारा कापायच्या यंत्राच्या, छपराखाली बसत असू. मी पाटीवर लिही आणि ती शेंगा फोडून खात ऐके.

"घातांक पूर्ण संख्याच का लागतो?" मी विचारी.

"का लागतो?"

"तशी व्याख्याच आहे. एक्सचे वर्गमूळ घेतले तर घातांक एकद्वितीयांश होतो. मग ती बहुपदी राहत नाही."

"म्हंजी आर्धं मेंढरू कळपात धरायचं न्हाय."

"मेंढराचा इथे काही संबंध नाही, कमल."

"तुझा नसंल," ती म्हणे आणि टरफल माझ्या अंगावर फेकी.

ती सगळ्याचीच मेंढरे करी. सरूप पदांची बेरीज मी तिला नियमाने सांगितली: चल तोच, घातांकही तोच, तरच सहगुणक मिळवायचे. ती म्हणाली, "पाणवठ्यावर दोन कळप मिसळले तर आमी काय करतो? ज्याची गेरूची खूण त्याच्याकडं. वर्ग वर्गाकडं, घन घनाकडं. त्यात काय एवढं!" प्रमाण रूपात पदे घातांकाच्या उतरत्या क्रमाने लिहायची, तर तिच्या मते म्होरं शेळी, मागं मेंढरं, आणि आज जन्मलेले कोकरू घोड्याच्या पाठीवर. "ते सोताहून हालत न्हाय. घोडं नेईल तितं जातं. ते तुझं स्थिरपद." मी म्हटले, उदाहरण अगदी चुकीचे आहे, कारण घोडे चालले की कोकरूही पुढे जाते. ती म्हणाली, "व्हय की. मग त्याला घरीच ठिव." आणि हसली. एक्सच्या जागी एखादी संख्या घालून बहुपदीची किंमत काढायची, हे सांगताना मी पुस्तकातले वाक्य जसेच्या तसे वाचले. तिने शेजारच्या कडबाकुट्टीकडे बोट केले. "वरनं घाल, खालनं निघतंय. तेच घाल, तेच निघतंय. आज येगळं आन् उद्या येगळं, असं न्हाय."

मला आज प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे की, ती उदाहरणे मी गेली पंचवीस वर्षे वर्गात वापरते. घोड्याचे सोडून. आणि ती माझी आहेत असे विद्यार्थी समजतात तेव्हा मी मान हलवीत नाही, पण डोलावीतही नाही.

त्या दिवसांत मी एक गोष्ट चोरून करीत होते. मोटर सुरू असली की विहिरीपाशी जायचे आणि तिच्या घरघराटात, कोणाला ऐकू जाणार नाही अशा बेताने, मोठ्याने तास घ्यायचा. तिथे माझा आवाज चांगला लागत असे, निदान मला तसे वाटे. "मुलांनो, आज आपण बहुपदी शिकणार आहोत." असे म्हणून मी उसाच्या पहिल्या सरीकडे पाही. एकदा वीज मध्येच गेली. मोटर थांबली आणि माझे "सहगुणक म्हणजे काय?" हे वाक्य साऱ्या रानात एकटेच उरले. बांधावर कमल उभी होती, डोक्यावर गवताचा भारा.

"काय गं, मोटरीला शिकवतीस व्हय? तिला काय येत न्हाय बग. नुसतीच बोंबलती."

"तुझ्यासारखी," मी म्हणाले. पण ते, ती भारा घेऊन निघून गेल्यावर.

शिक्षकदिनाच्या आदल्या रविवारी तात्या आम्हा दोघींना बारामतीला घेऊन गेले. कमलला रंगीत खडू हवे होते. खडूंचे खोके तिने माझ्याच हातात दिले, कारण तिच्या हातात भेळेचा कागद होता. परत येताना एसटीत, अंथुर्ण्याला उतरेपर्यंत, मी ते मांडीवर धरून बसले, आणि पिवळा खडू नेमका कशासाठी वापरायचा हे मनात ठरवीत राहिले. वापरायचा नसतानाही.

शिक्षकदिनाच्या सकाळी आईने पेटीतून मोरपंखी साडी काढली. ती मामाने दिलेली, एकदाच नेसलेली, आणि मी मोठी झाल्यावर माझी व्हायची असे न बोलता ठरलेली. मी गणवेशात उभी होते, खाकी टोपी हातात धरून. आई गुडघ्यांवर बसून कमलच्या निऱ्या घालीत होती. एकेक निरी बोटांत धरून, दातांत टाचणी धरून, असे तोंड करून की जणू घरातले लग्नच. "हालू नगं गं," ती म्हणाली, आणि टाचणी लावून झाल्यावर जरा मागे सरकून तिने कमलकडे पाहिले. तशी ती माझ्याकडे पाहत नसे. तात्या दारातून म्हणाले, "आरं वा, बाई आल्या की शाळंच्या!" मग त्यांचे लक्ष माझ्याकडे गेले आणि त्यांनी घाईघाईने जोडले, "आन् ह्या कोण, फौजदार व्हय?" त्यांचा हेतू चांगला होता. माझ्या वाट्याला त्या दिवसांत सगळे चांगले हेतूच येत.

नववीचा तास मधल्या सुट्टीनंतर होता. घंटा देऊन मी तिचा हातोडा हातात तसाच धरून वर्गाच्या दाराशी उभी राहिले. शिपायाला तेवढी मुभा असते. जगदाळे सर शेवटच्या बाकावर बसले होते. कमल आली, टेबलावर खडू आपटला आणि म्हणाली, "बसा रं. आज कळप मोजायचाय." पहिल्याच वाक्याला वर्ग तिचा झाला. मी दाराच्या चौकटीला टेकून माझाच तास ऐकत होते. चल, घातांक, सहगुणक, कोटी, सगळे शब्द मी सांगितलेले, त्याच क्रमाने, पण त्यांना हातपाय फुटले होते. जिथे मी व्याख्या सांगितली असती तिथे ती प्रश्न विचारीत होती. मुले चुकत होती आणि चुकताना हसत होती. कोणाला लाज वाटत नव्हती. मी मनात तिची चूक शोधत होते. एके ठिकाणी ती 'घातांक' म्हणायच्या जागी 'सहगुणक' म्हणाली, तेव्हा मला उन्हात सावली मिळावी तसे वाटले. पण एका मुलाने तिला टोकले आणि ती म्हणाली, "शाब्बास! बगत हुते झोपलाय का जागा हाय." ती चूकही गंगेला मिळाली.

मग तिने फळ्यावर पिवळ्या खडूने लिहिले: एक्सचा घन अधिक दोन एक्स वजा पाच. एक्स गाळून नुसते सहगुणक ओळीने लिहायचे होते. वर्गातल्या बहुतेकांनी लिहिले: एक, दोन, वजा पाच. ही चूक नववीतली मुले हटकून करतात. मी ती हजारदा तपासली आहे. एक्सचा वर्ग दिसत नाही म्हणून त्याची जागाच विसरायची. छपराखाली मी कमलला याचा नियम सांगितला होता: गैरहजर पदाचा सहगुणक शून्य लिहावा. कमलने नियम सांगितला नाही. तिने तीन मुलांना पुढे बोलावले, प्रत्येकाच्या हातात पाटी दिली, सोपान नावाच्या उंच मुलाला घन केले, दुसऱ्याला दोन एक्स आणि तिसऱ्याला वजा पाच. घन आणि दोन एक्स यांच्यामध्ये तिने एक माणूस मावेल एवढी जागा सोडली.

"कोण आलं न्हाय?"

"वर्ग!" मुले ओरडली.

"मग जागा बुजवू या का? सोपाना, सरक."

सोपान सरकून दोन एक्सला चिकटला.

"आता बगा. शेवटचा स्थिरपद, त्याच्याजवळचा एक्स, आन् त्याच्याजवळ कोण? आरं सोपाना, तू घन हुतास, वर्ग झालास की रं!" वर्ग खदखदला. "जा माघारी आपल्या जाग्यावर. आता मदल्या जागी कुणाला तरी उभं केलंच पायजे. कुणाला करायचं?"

ती वर्गभर पाहत गेली, आणि तिची नजर दारात येऊन थांबली.

"शिपाई, इकडं या."

मी गेले. तिने पाटीवर मोठे शून्य काढून माझ्या हातात दिले आणि दंडाला धरून मला त्या रिकाम्या जागेत उभे केले. टोपी पुन्हा डोळ्यांवर आली. "ही शून्य," कमल म्हणाली. "हिची किंमत किती?" "काय न्हाय!" वर्ग म्हणाला. "मिळवली तर?" "काय फरक पडत न्हाय!" "काढून टाकली तर?" मग सगळे एकदम म्हणाले, "समदंच चुकतंय!" सर मागच्या बाकावर मांडीवर हात मारून हसले. तसा तास त्या शाळेत मी त्याआधी पाहिला नव्हता, आणि पुढे कुठल्याच शाळेत पाहिला नाही. ते तेव्हाही, त्या टोपीखालीही, मला कळत होते. म्हणूनच ते असह्य होते. ती वाईट शिकवत असती तर मी शून्य होऊन वर्षभर उभी राहिले असते.

तिने ते मुद्दाम केले का, हा प्रश्न मी पुष्कळ वर्षे बाळगला. कमल आता वडगाव निंबाळकरला असते. गोठ्यात संकरित गाई आहेत, दारात ट्रॅक्टर आहे, सुना तिच्या हाकेसरशी धावतात. परवा फोनवर मी धीर करून विषय काढला. ती म्हणाली, "कसला शून्य गं? मला तर तुझी ती टोपी आठवती. लई हासलो हुतो." म्हणजे तिला आठवतही नाही. हेही तिलाच जमायचे.

मी जागेवर परत जाणार तोच पुढच्या बाकावरची रंजना नावाची मुलगी उठली. तरतरीत, नाकाचा शेंडा वर असलेली. "ताई, समद्याच जागी शून्य उभी राह्यली तर? त्या बहुपदीची कोटी किती?"

"शून्य!" कमल तत्क्षणी म्हणाली, आणि मुले ते वहीत लिहू लागली.

ते चूक होते. मी हेही तिला सांगितले होते, आणि ती म्हणाली होती, "ते कोण इचारतंय!" आता विचारले होते. मी पाटी धरून उभी होते. गप्प राहिले असते तर काही बिघडले नसते, आणि पुढे कधीतरी सरांनी स्वतःच ते दुरुस्त केले असते. पण चुकीचे वाक्य वह्यांत उतरताना पाहणे मला जमेना. माझ्या अंगात तेवढा एकच हट्ट आहे.

"नाही," मी म्हणाले. "ती ठरवता येत नाही."

"काय म्हनली?" मागून कोणीतरी विचारले. पण कमलने ऐकले होते. ती जराही गडबडली नाही. "गप बसा रं! आमचा शून्य बोलतोय. म्हनतोय, ठरवता येत न्हाय. का गं?"

मी पाटीकडे पाहत सांगितले. पाच या स्थिर बहुपदीची कोटी शून्य, कारण पाच म्हणजे पाच गुणिले एक्सचा शून्यावा घात. पण शून्य हे शून्य गुणिले एक्सही असते, शून्य गुणिले एक्सचा घनही असते, कितवाही घात घेतला तरी शून्यच. मग सर्वांत मोठा घातांक कोणता म्हणायचा? मी एक वाक्य बोले आणि कमल ते वर्गाला ओरडून सांगे. माझे वाक्य तिच्या तोंडातून बाहेर पडेपर्यंत त्याला रंग चढलेला असे. शेवटी ती म्हणाली, "म्हंजी गावात माणूसच न्हाय, तर पाटील कुणाला म्हनायचं? हाय का न्हाय?" वर्गाने टाळ्या वाजवल्या. रंजनाने खोडून पुन्हा लिहिले. सर उठून पुढे आले आणि कमलच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "वा! शिपायाकडूनसुद्धा उत्तर काढून घेतलंस. याला म्हणतात शिकवणं. रविवारचा वर्ग तुझा."

तास संपायची वेळ झाली होती. मी बाहेर जाऊन घंटा दिली. इतक्या जोराने दिली की शिपाईमामा बिडी टाकून धावत आले.

घरी संध्याकाळी कमलने सगळा तास पुन्हा करून दाखवला, सोपानचे सरकणे, सरांचे हसणे, सगळे. आणि तिने लपवले काहीच नाही. "खरं उत्तर हिनंच सांगितलं, मामा. मी चुकले हुते." तिच्या त्या मोकळेपणाने मला जास्तच जाळले. निदान तिने ते आपले म्हणून सांगायला हवे होते, म्हणजे मला तिचा धड राग करता आला असता. आई माडगे वाढीत म्हणाली, "हिला येतंय गं समदं. पर तोंड उघडंल तवा ना." मोरपंखी साडी दोरीवर वाळत होती, कारण कमलने तिच्या पदराला खडूचे हात पुसले होते. आईने त्याबद्दल चकार शब्द काढला नाही.

दोन दिवसांनी, शाळेच्या वाटेवर, कमल मला म्हणाली, "मी सरांना सांगणार हाय. मला रविवारचं न्हाय जमायचं."

"का?"

"त्यात काय राम हाय गं? एकदा केलं, झालं. दर रविवारी त्येच! रविवारी डोकं धुवायचं आसतंय. तूच घे."

मी वाटेतच थांबले. जे मिळावे म्हणून मी मोटरीशी बोलत होते, ते तिला नकोच होते. तिने ते हातात घेऊन पाहिले, हसून घेतले आणि कंटाळून खाली ठेवले. 'मला नको तुझे उष्टे' असे म्हणायला मी तोंड उघडले. पण नववीचा वर्ग माझ्या डोळ्यांसमोर उभा राहिला, फळ्यासकट. "बरं," मी म्हणाले. एवढा मानी स्वभाव माझा नव्हता.

सरांनी तिचे ऐकून माझ्याकडे पाहिले आणि त्यांचा चेहरा जरा पडला. "इंदूला येतं, पण..." ते म्हणाले.

"पोरं गप बसली की ऐकाय येतंय, सर," कमल म्हणाली. "मी तर रोज ऐकते."

रविवारी सकाळी ती अंगणात उन्हाला पाठ करून, शिकेकाईने धुतलेले केस सोडून बसली होती. मी निघाले तरी तिने वर पाहिले नाही. शाळा बंद, नुसता नववीचा वर्ग उघडा. मी आत गेले, टेबलावर डस्टर ठेवले. मुले अर्धवट उठली आणि माझ्या पाठीमागे, दाराकडे पाहत तशीच उभी राहिली. मीही वळून पाहिले. दारात कोणी नव्हते.

"ताई, कमलताई कवा येणार?" रंजनाने विचारले.

"ती येणार नाही," मी म्हणाले.

शिक्षिका म्हणून मी उच्चारलेले पहिले वाक्य ते. सगळ्या वर्गाचे चेहरे उतरले, आणि कोणी ते पुन्हा विचारले नाही, म्हणजे ते शेवटच्या बाकापर्यंत स्वच्छ ऐकू गेले होते. पुढे पुष्कळ वर्गांनी मला पुष्कळ काही दिले. पण ते तीन शब्द उच्चारताना मला झाला तेवढा आनंद नंतर कुठल्याही वर्गात झाला नाही.